ट्यूब बसली, पेटली. पण जुळली का?

विभागातल्या मत्स्यटाकीवरची ट्यूब गेली की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. जुनी ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून कोणीतरी तपकीर गल्लीत किंवा लोहार चाळीत जातं, काउंटरवर ठेवून "अशीच द्या" म्हणतं. दुकानदार लांबी बघतो आणि तेवढीच एक काढून देतो. संध्याकाळी ती होल्डरमध्ये बसते, पेटते, विषय संपतो. घरच्या गोल्डफिशसाठी एवढं पुरे आहे. टाकीत प्रयोग चालू असेल तर पुरे नाही.

समजा, सहा टाक्यांत तुम्ही एकाच शैवालाची वाढ मोजताय. तीन टाक्यांत नायट्रेट जास्त, उरलेल्या तीन नियंत्रणासाठी. पाचव्या आठवड्यात नियंत्रणातल्या दोन टाक्यांवरच्या ट्यूब गेल्या आणि वर सांगितल्याप्रमाणे बदलल्या. आता दोन गटांत जो फरक दिसेल तो नायट्रेटचा की उजेडाचा? ट्यूब बदलल्याची नीट नोंद नसेल तर कुठलीही सांख्यिकी चाचणी हे वेगळं काढून देत नाही. आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेला परीक्षक "प्रकाश किती होता?" हे हमखास विचारतो.

म्हणून हा लेख ट्यूबच्या मापांवर, पिनांवर आणि चोकवर. विषय किरकोळ वाटेल. पण ट्यूब होल्डरमध्ये बसणं, पेटणं आणि आधीइतकाच उजेड देणं हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्या दोनांचं उत्तर "हो" आलं की आपण तिसरा विचारतच नाही.

आधी नावं समजून घेऊ. ट्यूबवर टी-१२, टी-८, टी-५ असं लिहिलेलं असतं. 'टी' म्हणजे नळीचा आकार, आणि पुढचा आकडा म्हणजे नळीचा व्यास, इंचाच्या आठव्या भागांत मोजलेला. टी-८ म्हणजे आठ-अष्टमांश, म्हणजे एक इंच, साधारण २६ मिमी. टी-१२ दीड इंचाची, ३८ मिमी. टी-५ सगळ्यांत बारीक, १६ मिमी. टोकाच्या पिनांना वेगळं नाव असतं. जी-१३ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर १३ मिमी, जी-५ म्हणजे ५ मिमी. टी-१२ आणि टी-८ दोन्हींना जी-१३ असतं, टी-५ ला जी-५. त्यामुळे टी-८ च्या होल्डरमध्ये टी-५ चुकूनही बसत नाही. इथपर्यंत मामला सरळ आहे.

टी-१२ आणि टी-८ यांच्या पिना सारख्याच, म्हणून घरच्या भिंतीवरच्या उघड्या पट्टीत दोन्ही बसतात. मत्स्यटाकीच्या झाकणात होल्डर उघडा नसतो. पाण्याची वाफ पिनांपर्यंत जाऊ नये म्हणून रबरी रिंग असलेली टोपी ट्यूबच्या टोकावर आवळून बसवतात, आणि ती रिंग एकाच व्यासासाठी घडवलेली असते. २६ मिमीच्या रिंगेत ३८ मिमीची नळी जातच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. उलट ३८ च्या रिंगेत २६ ची नळी जाते, सैल राहते, आणि ट्यूब मस्त पेटते. हा प्रकार जास्त वाईट. समुद्री पाण्याची टाकी असेल तर काही महिन्यांत पिनांवर मिठाचा थर आणि गंज दिसायला लागतो, संपर्क बिघडतो, ट्यूब लुकलुकते. मग आपण बिचाऱ्या ट्यूबलाच नावं ठेवतो.

लांबीचा घोळ

"चार फुटी ट्यूब द्या" हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की चार फूट हे जणू एकच माप आहे असं वाटतं. टी-८ ची 'चार फुटी' ट्यूब पिना सोडून सुमारे १२०० मिमी असते. टी-५ ची 'चार फुटी' ११४९ मिमी. सरळ पन्नास मिमीचा फरक! हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. १९९० च्या दशकात टी-५ आली तेव्हा ऑफिसांच्या छतात ६०० आणि १२०० मिमीच्या चौकटी होत्या. ट्यूब, होल्डर आणि पत्रा मिळून दिवा त्या चौकटीत मावला पाहिजे, म्हणून ट्यूबच आखूड केली. टी-५ ची सर्वसाधारण कुटुंबं म्हणूनच ५४९, ८४९, ११४९ आणि १४४९ मिमी अशी चढत जातात, दर पायरीला बरोबर ३०० मिमी. (पिना धरून मोजलं तर प्रत्येकात साधारण १४ मिमी वाढवा. कॅटलॉगमध्ये कधी एक लांबी असते, कधी दुसरी, त्यामुळे कुठली छापलीय ते आधी पाहा.)

मत्स्यटाक्यांच्या जगात मात्र याच्या शेजारी आणखी एक कुटुंब आहे. युवेल या जर्मन कंपनीच्या टाक्यांवरच्या टी-५ ट्यूब ४३८, ५९०, ७४२, ८९५ आणि १०४७ मिमी अशा येतात. हे आकडे ओळखीचे वाटले का? जुन्या टी-८ च्या लांब्या नेमक्या अशाच आहेत : १५ वॉटची ४३८, १८ वॉटची ५९०, ३० वॉटची ८९५. नळी बारीक झाली, पिना जी-५ झाल्या, लांबी मात्र जुनीच राहिली.

याचा परिणाम काय, तर नुसते वॉट सांगून ट्यूब मिळत नाही. '३५ वॉट टी-५' म्हटलं तर एक ७४२ मिमीची आहे आणि दुसरी १४४९ मिमीची, जवळजवळ दुप्पट. '५४ वॉट टी-५' सर्वसाधारण ११४९ ची, पण टाकीवरची १०४७ ची. निदान हा गोंधळ प्रामाणिक आहे. चुकीची ट्यूब बसतच नाही, दुकानात परत जावं लागतं, एवढंच.

खरी अडचण : सारख्या दिसणाऱ्या दोन ट्यूब

आता ११४९ मिमीची टी-५ घ्या. या एकाच लांबीत, एकाच जाडीत, एकाच जी-५ पिनांत दोन ट्यूब मिळतात. एक २८ वॉटची, कमी विजेत जास्त कार्यक्षमता देणारी, जिला एचई म्हणतात. दुसरी ५४ वॉटची, जास्त उजेडाची, एचओ. हातात धरून बघितलं तर छापील अक्षरांखेरीज फरक दिसत नाही. ५४९ मिमीत तसंच १४ आणि २४ वॉट, ८४९ मध्ये २१ आणि ३९. १४४९ मध्ये तर चक्क तीन आहेत, ३५, ४९ आणि ८० वॉट. टाक्यांवरच्या दिव्यांत बहुतेक एचओ असते, ऑफिसच्या दिव्यांत बहुतेक एचई. दुकानात सहज मिळते ती ऑफिसवाली.

इथे चोक समजून घ्यावा लागतो. नळीतला वायू एकदा वीज वाहू लागला की प्रवाह वाढेल तसा त्याचा विरोध कमी होत जातो. म्हणजे ट्यूब थेट मेन्सला जोडली तर प्रवाह वाढतच जाईल आणि शेवटी ट्यूब तरी जाईल नाहीतर फ्यूज तरी. त्या प्रवाहाला लगाम घालणारा भाग म्हणजे चोक, मग तो जुना तांब्याच्या गुंडाळीचा जड चोक असो की आजचा इलेक्ट्रॉनिक. ट्यूब किती उजळेल हे प्रवाहावर ठरतं, आणि प्रवाह ठरवतो चोक. ट्यूबवर छापलेले वॉट हे "माझ्याशी योग्य चोक जोडलात तर" या अटीवरचं आश्वासन आहे.

आकडे बघितले की गंमत कळते. एचई कुटुंबातल्या चारही ट्यूब साधारण १७० मिलिअँपिअरवर चालतात. वॉटला प्रवाहाने भागा : १४ वॉटला साधारण ८२ व्होल्ट, २१ ला १२४, २८ ला १६५, ३५ ला २०६. दर ३०० मिमीला ४१ व्होल्ट, आणि म्हणून दर ३०० मिमीला ७ वॉट. किती सुबक रचना आहे ही! एचओ मध्ये अशी सरळ चढण सापडणार नाही, कारण तिथे प्रत्येक ट्यूबचा प्रवाह वेगळा : २४ वॉटला ३०० मिलिअँपिअर, ३९ ला ३४०, ५४ ला ४६०, ८० ला ५५५. आणि ५४ ला ४६० ने भागलंत तर उत्तर येतं ११७ व्होल्ट. त्याच लांबीच्या २८ वॉटच्या ट्यूबला १६५ व्होल्ट लागत होते, जास्त प्रवाहाला कमी लागतात. वर म्हटलेला घटता विरोध तो हाच.

आता ५४ वॉटची ट्यूब २८ वॉटच्या चोकवर लावली तर? बसते. बहुतेक वेळा पेटतेही. पण चोक तिला ४६० ऐवजी १७० च्या आसपास मिलिअँपिअर देतो, म्हणून ती साधारण २८ वॉटच्या ट्यूबसारखी वागते आणि उजेडही तेवढाच देते. एचओ ची टोकांची तार जाड प्रवाहासाठी केलेली असते. तेवढ्या कमी प्रवाहात ती पुरेशी तापत नाही, तिच्यावरचा लेप झिजतो आणि टोकं लवकर काळी पडतात. तुमच्या वहीत मात्र '५४ वॉट' असं लिहिलेलं असतं, कारण ट्यूबवर तसं छापलंय. प्रबंधात तेच जातं. पुढे दुसरं कोणी तुमचा प्रयोग खऱ्या ५४ वॉटवर करून बघतं आणि त्याला वेगळे निष्कर्ष मिळतात.

उलट केलं, म्हणजे ५४ च्या चोकवर २८ ची ट्यूब, तर तिच्यातून ठरल्याच्या पावणेतीनपट प्रवाह जाऊ बघतो. ती झगझगीत पेटते, टोकं जास्त तापतात आणि आयुष्य घटतं. टी-५ बारीक असल्यामुळे टोकाची उष्णता काच आणि होल्डर यांच्या फार जवळ असते. म्हणून चांगल्या इलेक्ट्रॉनिक चोकमध्ये, ट्यूब शेवटाला आली की पुरवठा तोडणारी सोय असते. स्वस्त चोकमध्ये ती असेलच याची खात्री नाही. प्लास्टिकचं झाकण, खाली पाणी, आणि रात्रभर टायमरवर चालणारा दिवा, हे चित्र मला तरी आवडत नाही.

हा सापळा फक्त टी-५ पुरता नाही. अमेरिकन प्रयोगशाळेतला पेपर वाचताना 'चार फुटी टी-८' दिसली तर ती बहुधा ३२ वॉटची, २६५ मिलिअँपिअरवर चालणारी असते. आपल्याकडची चार फुटी टी-८ ही ३६ वॉटची, ४३० मिलिअँपिअरची. लांबी तीच, जाडी तीच, पिना त्याच. आपली ३६ वॉटची ट्यूब जुन्या ४० वॉटच्या टी-१२ च्याच चोकवर चालावी अशी आखली होती, म्हणून आपल्या पट्ट्या न बदलता टी-८ देशभर पसरली. अमेरिकेतल्या ३२ वॉटच्या ट्यूबला मात्र वेगळा चोक लागला. परदेशातून आलेल्या उपकरणावरच्या दिव्यात इथली ट्यूब घालण्याआधी चोकवरची चिठ्ठी वाचा. कुठल्या ट्यूब आणि किती चालतात ते तिच्यावर छापलेलं असतं. मी तर म्हणेन, ट्यूबच्या आधी चोकचाच फोटो काढून ठेवा.

छोट्या टाक्यांच्या झाकणांत वाकवलेली, दुहेरी नळीची सीएफएल असते, आणि तिथे पिना बनवणाऱ्यांनी जास्त विचार केलेला दिसतो. दोन पिनांच्या जी-२३ मध्ये स्टार्टर दिव्याच्या बुडातच असतो, म्हणून तो साध्या चोकवर चालतो. चार पिनांच्या २-जी-७ मध्ये स्टार्टर नसतो, तो इलेक्ट्रॉनिक चोकसाठी. जी-२४ कुटुंबात तर वॉटनुसार खाचा वेगळ्या ठेवल्यात, म्हणजे १८ च्या होल्डरमध्ये २६ चा दिवा बसूच नये. लांब दिव्यांत २-जी-११ असतं, चार पिना एका ओळीत. काही परदेशी टाक्यांच्या दिव्यांत त्याच चार पिना चौकोनात असतात आणि दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. थोडक्यात, सीएफएल मध्ये चूक होण्याआधी होल्डरच अडवतो. जी-५ तसं काही अडवत नाही. मिनिएचर चार वॉटच्या ट्यूबपासून ८० वॉटपर्यंत सगळ्यांना तीच दोन पिनांची जोडी.

मोजायचं काय आणि कधी

लांबी, पिना आणि चोक जुळले असं धरू. तरी प्रकाश जुळला का हे वेगळं बघावं लागतं. ट्यूबवरच्या ८६५ सारख्या आकड्यात पहिला अंक रंग किती खरे दिसतात ते सांगतो (ऐंशीच्या घरात) आणि पुढचे दोन रंगतापमान (६५०० केल्विन). पण रंगतापमान सारखं असलेल्या दोन ट्यूबचा वर्णपट सारखा असेलच असं नाही. वनस्पतींच्या टाकीसाठीची ट्यूब आणि ऑफिसची ट्यूब डोळ्याला सारखी पांढरी दिसू शकते, शैवालाला नाही.

म्हणूनच लक्समीटरवर फार विसंबू नका. लक्स हे एकक माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे, ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट उजेडाला सर्वांत जास्त वजन देणारं. प्रकाशसंश्लेषणासाठी मोजायचे असतात ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन, दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल, असे. कूल व्हाइट फ्लोरोसंटखाली एका मायक्रोमोलला साधारण ७४ लक्स, उन्हात ५४. म्हणजे मीटरवर ५००० लक्स दिसले तर ट्यूबखाली ६८ मायक्रोमोल, उन्हात ९३. आणि प्रवाळांच्या टाकीवरच्या ४२० नॅनोमीटरच्या निळ्या अ‍ॅक्टिनिक ट्यूबखाली लक्समीटर अगदी मरगळलेला आकडा दाखवतो, फोटॉन मात्र भरपूर असतात. विभागात क्वांटम सेन्सर नसेल तर शेजारच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारा, बहुतेक वेळा कपाटात पडलेला असतो.

कधी मोजायचं हेही महत्त्वाचं. नव्या ट्यूबचा उजेड सुरुवातीच्या तासांत स्थिर नसतो, म्हणून प्रमाणित मोजमापाआधी ती १०० तास चालवून घेतात. प्रयोगाच्या मधे ट्यूब बदलायची वेळ येणारच आहे हे धरून, दोन जास्तीच्या ट्यूब आधीच १०० तास चालवून ठेवल्या तर पुढचा त्रास वाचतो. दुसरं म्हणजे तापमान. टी-८ चा उजेड भोवतालची हवा २५ अंशांच्या आसपास असताना सर्वाधिक, टी-५ चा ३५ अंशांना. २८ वॉटची टी-५ ३५ अंशांना साधारण २९०० ल्युमेन देते, तर २५ ला २६००. बंद झाकणाखाली ती आपोआप तापते आणि खूश असते. तीच ट्यूब एसी खोलीतल्या उघड्या रॅकवर लावली, त्यातून पंख्याचा झोत तिच्यावर, तर दहा टक्के उजेड कुणाच्याही नकळत गेला. मोजणी दिवा लावल्यावर लगेच करू नका. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

मग पद्धतीच्या प्रकरणात वाक्य काहीसं असं येईल : 'प्रत्येक टाकीवर दोन टी-५ ट्यूब (५४ वॉट, ११४९ मिमी, रंग-सांकेतांक ८६५), त्याच वॉटच्या इलेक्ट्रॉनिक चोकवर. पाण्याच्या पृष्ठभागावर नऊ ठिकाणी मोजलेला प्रकाश सरासरी इतके मायक्रोमोल. ट्यूब अमुक दिवशी बदलल्या, बदलण्याआधी आणि नंतरची मोजमापं परिशिष्टात.' तीन ओळींचं काम आहे. पण ही माहिती मागाहून, आठवणीतून भरता येत नाही.

हे सगळं आत्ता सांगण्याचं आणखी एक कारण आहे. पाऱ्यामुळे या ट्यूब जगभर बंद होत चालल्यात. युरोपीय संघात टी-५ आणि टी-८ ची नवी विक्री २०२३ च्या ऑगस्टमध्ये थांबली, आणि मिनामाटा कराराच्या देशांनी त्याच वर्षी जिनिव्हात सरळ फ्लोरोसंट ट्यूब २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. भारत त्या करारात आहे. म्हणजे तुमची पीएच.डी. संपायच्या आत टाकीवर एलईडी ट्यूब येण्याची शक्यता मोठी आहे, आणि बसण्या-जुळण्याचा खेळ तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

एलईडी ट्यूबच्या पिना जुन्याच मापाच्या असतात, आतली जोडणी मात्र निरनिराळी. काही जुन्या चोकसकट चालतात. तांब्याच्या चोकवर चालणाऱ्यांबरोबर स्टार्टरच्या जागी लावायचा एक बनावट स्टार्टर येतो, तो लावायलाच हवा. काहींसाठी चोक काढून थेट मेन्स द्यावं लागतं, त्यातही कधी फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला, कधी दोन टोकांना. दोन टोकांवाल्या ट्यूबचं एक टोक बसवलं आणि वीज चालू असली, तर काही ट्यूबच्या दुसऱ्या मोकळ्या पिनेवर झटका बसू शकतो, आणि आपला दुसरा हात बहुधा ओल्या टाकीच्या कडेवर असतो. त्यामुळे बदल करताना प्लग उपसून ठेवा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते विभागाच्या इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या, आणि जोडणीही त्यांनाच करू द्या.

बदल होण्याच्या आदल्या आठवड्यात, जुन्या ट्यूब चालू असतानाच, त्याच नऊ ठिकाणी शेवटचं मोजमाप घ्या. एलईडी आल्यावर तिची उंची कमीजास्त करून सरासरी पहिल्या आकड्यावर आणता येते. वर्णपट तसा आणता येत नाही, म्हणून तो वेगळा नोंदवा. उतरवलेल्या ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, तेव्हा त्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या. पण त्यातल्या दोन चालू ट्यूब, किती तास वापरल्या ते चिकटपट्टीवर लिहून, चोकसकट खोक्यात ठेवा. परीक्षकाने दोन वर्षांनी जुन्या प्रकाशाचा वर्णपट मागितला तर तो पुन्हा मोजता येईल.